पट्टी सुटल्यानंतरचा हिशेब

देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात पन्नाशी गाठलेल्या माणसांपैकी 1.99 टक्के माणसं अंध आढळली. कारणांमध्ये पहिला क्रमांक अपेक्षेप्रमाणे वेळेत न काढलेल्या मोतीबिंदूचा होता, 66.2 टक्के. पण त्याच तक्त्यात थोडं खाली आणखी एक आकडा आहे. या वयातल्या अंधत्वापैकी 7.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत झालेल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न नीट दिसतो. पहिला आकडा रुग्णालयापर्यंत न पोचलेल्यांचा आहे. दुसरा आकडा पोचलेल्यांचा आहे. त्यांनी पैशांची जमवाजमव केली, सोबत कुणाला तरी घेतलं, डोळा डॉक्टरांच्या स्वाधीन केला आणि दृष्टी गमावली. नेत्ररुग्णालयाची कामं तीन मानली जातात: रुग्णसेवा, संशोधन आणि डॉक्टर-तंत्रज्ञांचं प्रशिक्षण. बहुतेक ठिकाणी ही तीन खाती वेगवेगळी चालतात. सेवेच्या खात्यात शस्त्रक्रियांची संख्या लिहिली जाते, संशोधनाच्या खात्यात शोधनिबंधांची, शिक्षणाच्या खात्यात पदव्यांची. पट्टी सुटल्यानंतर त्या डोळ्याला महिन्याभरानं किती दिसतं, हे मात्र बहुधा कुठल्याच खात्यात येत नाही.

गेल्या पन्नास वर्षांत भारतातल्या काही संस्थांनी हा हिशेब ठेवला, आणि त्या हिशेबामुळेच त्यांची तिन्ही कामं एकमेकांत गुंतली. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ही त्यातली ठळक नावं. त्यांच्या अनुभवाचा हा आढावा आहे, त्यांच्या मर्यादांसकट.

अकरा खाटांपासून

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म 1918 मधला, तमिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यातला. डॉक्टर होऊन ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. तिथं संधिवातानं त्यांना असं गाठलं की हातांची बोटं कायमची वाकडी झाली. प्रसूतिशास्त्राचा विचार सोडून ते नेत्रचिकित्सेकडे वळले, वाकड्या बोटांनी सुरी धरायला पुन्हा शिकले आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, 1976 मध्ये, त्यांनी भावंडांना सोबत घेऊन मदुराईत एका घरात अकरा खाटांचं रुग्णालय काढलं. श्री अरविंदांचे ते अनुयायी होते, म्हणून नाव अरविंद. त्याच वर्षी केंद्र सरकारनं राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला होता.

अरविंदची रचना वरवर पाहता साधी आहे. काही रुग्ण पैसे देतात, त्या उत्पन्नावर इतरांची शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला असं काही मागितलं जात नाही. पैसे भरण्याच्या विभागात जायचं की मोफत विभागात, हे रुग्णानंच ठरवायचं. डॉक्टर दोन्हीकडे तेच; ते आळीपाळीनं दोन्ही विभागांत काम करतात. फरक पडतो तो खोलीत, खाटेत आणि लेन्सच्या प्रकारात. या व्यवस्थेवर संस्था आज वर्षाला काही लाख शस्त्रक्रिया करते आणि रोजचा खर्च भागवण्यासाठी तिला देणग्यांकडे बघावं लागत नाही.

हे कसं जमतं ते शस्त्रक्रियागृहात उभं राहिलं की कळतं. एका सर्जनसाठी दोन टेबलं असतात, मध्ये फिरवता येणारा सूक्ष्मदर्शक. पहिल्या टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावरच्या रुग्णाचा डोळा स्वच्छ करून, निर्जंतुक कापडानं झाकून तयार ठेवलेला असतो. डोळ्याभोवतीची भूल आधीच देऊन झालेली असते. सर्जन डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतो, त्यातून पिकलेला मोतीबिंदू अख्खा बाहेर काढतो आणि त्याच वाटेनं कृत्रिम लेन्स बसवतो. बोगदा तिरका असल्यामुळे आतल्या दाबानंच मिटतो, टाका लागत नाही. मग सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलाकडे वळतो. उपकरणांचे अनेक संच सतत निर्जंतुक होऊन येत असतात. सर्जननं फक्त सर्जनच करू शकेल तेवढं काम करायचं, बाकी सगळं प्रशिक्षित साहाय्यकांनी, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे इथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो.

या वेगाला एक अडथळा होता, तो लेन्सच्या किमतीचा. परदेशातून येणारी लेन्स शंभर डॉलरच्या घरात होती. मोफत विभागातल्या रुग्णाला ती देणं परवडत नव्हतं, म्हणून त्याचा मोतीबिंदू काढून त्याला जाड भिंगाचा चष्मा दिला जाई. तो चष्मा मोडला किंवा हरवला की माणूस पुन्हा आंधळा. 1992 मध्ये अरविंदनं ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्सची किंमत काही डॉलरांवर आणली. आज त्या लेन्स शंभरावर देशांत जातात.

मोजणं म्हणजेच संशोधन

लेन्स स्वस्त झाली म्हणून ती सरसकट बसवावी, असं मात्र मदुराईत कुणी गृहीत धरलं नाही. मोठ्या संख्येनं, कमी खर्चात लेन्स बसवणं सुरक्षित आहे का, याबद्दल त्या काळी जगभर शंका होती. म्हणून दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्या सुमारे 3,400 रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले गेले. एका गटात जुनी पद्धत आणि चष्मा, दुसऱ्या गटात नवी पद्धत आणि लेन्स. या रुग्णांना किती दिसतं एवढंच तपासलं नाही, रोजची कामं त्यांना कशी जमतात हेही विचारलं. लेन्स बसवलेल्यांची दृष्टी आणि जगणं दोन्ही सरस ठरलं. 1998 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या साहाय्यानं सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. जाड भिंगाच्या चष्म्याचं युग संपून लेन्सचं युग आपल्या खेड्यांत आलं ते याच वर्षांत.

संशोधनाचं दुसरं उदाहरण संस्थेला स्वतःबद्दल कटू सत्य सांगणारं आहे. अरविंदची गावोगावची शिबिरं प्रसिद्ध होती, गर्दी व्हायची. पण शिबिराला आलेल्यांची मोजदाद करणं सोपं असतं, न आलेले मोजण्यासाठी घरोघर जावं लागतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे काम केलं गेलं. गावात डोळ्यांचा त्रास असलेल्या प्रौढांपैकी सात टक्केसुद्धा शिबिराला आलेले नव्हते. उपचार फुकट असले तरी बसभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी, घरची जनावरं आणि मनातली भीती हा सगळा खर्च माणसाच्याच डोक्यावर असतो. आपल्याकडे ‘पेरणी उरकली की बघू’ म्हणत तीन पेरण्या निघून जातात, त्यामागं हेच गणित असतं.

संस्थेनं हा निष्कर्ष दडवला नाही. शिबिर वर्षातून एकदा येतं, डोळ्याचा त्रास रोज असतो. तेव्हा गावाजवळ कायमचं काहीतरी हवं, अशा विचारातून दृष्टिकेंद्रं उभी राहिली. दोन-तीन खोल्यांचं केंद्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ, डोळ्याचे फोटो पाठवण्याची सोय आणि पडद्यावर शहरातला डॉक्टर. चष्म्याचा नंबर तिथंच काढला जातो, चष्माही तिथंच मिळतो. फक्त शस्त्रक्रिया लागणाऱ्यालाच शहरात जावं लागतं. अशी केंद्रं आज शंभरावर आहेत.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात सेवा, संशोधन आणि शिक्षण एकाच तक्त्यात येतात. मदुराईत एका वर्षात सलग झालेल्या 79,777 मोतीबिंदू शस्त्रक्रियांची नोंद तपासून 2012 मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेदरम्यान गुंतागुंत किती झाली हे सर्जनच्या अनुभवानुसार वेगळं काढलं होतं. कायमस्वरूपी सर्जनांच्या हातून 0.79 टक्के, पुढचं खास प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या हातून 1.19 टक्के, निवासी डॉक्टरांच्या हातून 2.06 टक्के, आणि बाहेरून शिकायला आलेल्यांच्या हातून 5.11 टक्के. शिकणाऱ्याच्या हातून जास्त चुका होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती जास्त, ते लिहून ठेवून जगासमोर मांडणारी रुग्णालयं फार थोडी.

त्याच निबंधात दुसरी गोष्ट होती. फेको म्हणजे यंत्रानं मोतीबिंदूचा चुरा करून शोषून घेण्याची महागडी पद्धत, आणि वर वर्णन केलेली बिनटाक्याची हातची पद्धत. एकूण गुंतागुंतीत दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता, 1.11 आणि 1.01 टक्के. पण शिकाऊ सर्जनांच्या हाती फेकोत गुंतागुंत 4.80 टक्के होती, हातच्या पद्धतीत 1.46 टक्के. विद्यार्थ्याला आधी काय शिकवावं, कोणत्या रुग्णाला कोणाच्या टेबलावर पाठवावं, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. यंत्र आधुनिक म्हणून त्यालाच आधी हात घालणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानं ते भिंतीवर लावावं.

जंतुसंसर्गाचंही असंच. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात आत संसर्ग झाला तर काही तासांत डोळा जाऊ शकतो. शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा थोडा अंश सोडला तर फायदा होतो का, हे अरविंदच्या रुग्णालयांतल्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून 2017 मध्ये मांडलं गेलं. संसर्गाचं प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आलं होतं. दहा हजारांत सात डोळ्यांऐवजी दोन. एवढा बारीक फरक पकडायला लाखोंची संख्या लागते आणि प्रत्येक डोळ्याची नोंदही. मोठी संख्या आपल्या देशात अनेकांकडे आहे.

काही संशोधन आपल्याच मातीतल्या आजारांचं असतं, ते दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नसतं. शेतात काम करताना उसाचं पातं, भाताचं तूस, काडी डोळ्याला लागते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बुरशीची जखम होते. थंड, श्रीमंत देशांत हा आजार विरळा. नाटामायसिन हे जुनं, स्वस्त औषध चांगलं की व्होरिकोनाझोल हे नवं, महाग औषध, याची रीतसर चाचणी अरविंद आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर प्रतिष्ठाननं मिळून 323 रुग्णांवर केली. 2013 मध्ये निकाल आला: जुनं औषध सरस. नव्या औषधाच्या गटात पडद्याला भोक पडण्याचं प्रमाण जास्त होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसतोडणी कामगारालाही हा निकाल तितकाच उपयोगी आहे.

हैदराबादची उतरंड

डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून परतले आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हैदराबादेत नेत्रसंस्था उभारली. जमीन आणि एक कोटी रुपये दिले चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी. मुंबईच्या स्टुडिओंत पडेल ते काम करत ‘आलम आरा’मध्ये छोटी भूमिका केलेले हे गृहस्थ पुढं ‘एक दूजे के लिए’चे निर्माते झाले, दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी झाले. संस्थेला त्यांचं नाव आहे.

या संस्थेची सुरुवातच प्रश्न मोजण्यापासून झाली म्हणता येईल. 1996 ते 2000 दरम्यान तिनं तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 10,293 लोकांची सविस्तर नेत्रतपासणी केली. आढळलेल्या अंधत्वापैकी सुमारे साठ टक्के दोनच कारणांमुळे होतं: मोतीबिंदू आणि चष्म्याचा न काढलेला नंबर. चष्म्याअभावी माणूस अंधांच्या गणनेत जातो, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांना हलवणारी होती. त्यातून सेवेची पाच पायऱ्यांची उतरंड आकाराला आली. सर्वांत खाली पाच हजार वस्तीमागं गावातलाच एक दृष्टिरक्षक. पन्नास हजार वस्तीमागं दृष्टिकेंद्र. पाच लाखांमागं शस्त्रक्रियेची सोय असलेलं ग्रामीण रुग्णालय. पन्नास लाखांमागं सर्व उपशाखांचं केंद्र. आणि पाच कोटींमागं संशोधन-शिक्षण करणारी मुख्य संस्था.

यातलं पहिलं ग्रामीण रुग्णालय 1996 मध्ये तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळला सुरू झालं. कर्नाटकातलं मुधोळ वेगळं. हे नांदेड जिल्ह्याला लागून असलेलं, गोदावरीपासून जवळचं. तिकडच्या गावांत मराठी बोलली जाते आणि रुग्णालयाच्या नावातही भोसले गोपाळराव पटेल आहेत. सीमेपलीकडच्या खेड्यात, मोठ्या शहरापासून दूर, शहरातल्याच दर्जाची शस्त्रक्रिया कायमस्वरूपी होऊ शकते, हे मराठवाड्याच्या उंबरठ्यावर दिसून आलं.

हैदराबादच्या संशोधनातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाच्या हाती लागते. मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुन्यानं डोळा भाजला की बुबुळ आणि पांढरा भाग यांच्या सीमेवरच्या मूळपेशी मरतात. पारदर्शक पडद्याचा वरचा थर याच पेशी आयुष्यभर नव्यानं बनवत असतात. त्या गेल्या की पडद्यावर रक्तवाहिन्या चढतात, डोळा लाल, पांढरट होतो. अशा डोळ्यावर नुसतं नेत्ररोपण करून उपयोग नसतो, बसवलेला पडदाही गढूळ होतो.

यावर आधी एक उपाय होता: चांगल्या डोळ्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून भाजलेल्या डोळ्यावर लावायच्या. हैदराबादेत 2001 पासून हे काम झालं. पण त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागते, ती जिल्ह्याच्या गावी नसते. डॉ. वीरेंद्र संगवान, डॉ. सायन बसू आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या सीमेवरून दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा कण घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे, भाजलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा अंथरून त्यावर ते गोलाकार पेरायचे आणि जैविक गोंदानं चिकटवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात. प्रयोगशाळा नको, दुसरी शस्त्रक्रिया नको. ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. रोज असे भाजलेले डोळे तपासणाऱ्यांना आणि त्या आईवडिलांची ऐपत ठाऊक असणाऱ्यांनाच हा शोध सुचू शकत होता.

नेत्रदानातही हेच दिसतं. संस्थेच्या नेत्रपेढीनं मरणोत्तर नेत्रदानाची संकल्पपत्रं भरून घेण्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक नेमले. ते मृताच्या नातेवाइकांशी त्या अवघड घटकेला शांतपणे, आब राखून बोलतात. डोळे काही तासांत काढावे लागतात आणि संकल्पपत्र त्या वेळी कपाटात असतं. निर्णय शेवटी शेजारी बसलेल्या माणसांचा असतो, म्हणून मनुष्यबळ तिथं हवं.

हात घडवण्याचं काम

डोळ्याची शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हाताचा केसाएवढा कंप मैलाएवढा दिसतो. आधी कृत्रिम किंवा प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव, मग वरिष्ठाच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा, मग अख्खी शस्त्रक्रिया, असा क्रम लागतो. शिकणाऱ्याला रुग्ण मिळायला हवेत आणि त्या रुग्णाच्या डोळ्याची किंमत शिकण्यापायी चुकती व्हायला नको, ही दुहेरी जबाबदारी शिकवणाऱ्यावर असते. पदव्युत्तर शिक्षण घेऊनही स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करण्याइतका हात बसत नाही, ही देशातल्या निवासी डॉक्टरांची जुनी तक्रार आहे. मुंबईतल्या एका नामांकित सरकारी रुग्णालयात 2023 मध्ये ती उघडपणे पुढं आली. शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत असं निवासी डॉक्टरांनी म्हटलं, वरिष्ठांनी आरोप फेटाळले, प्रकरण संप आणि राजीनाम्यांपर्यंत गेलं. त्या वादाचा निवाडा इथं करायचा नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्यानं कोणत्या देखरेखीखाली किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्या डोळ्यांचं पुढं काय झालं, याची उघड नोंद असती, तर असा वाद तोंडी आरोपांवर लढावा लागला नसता.

डॉक्टरांइतकंच महत्त्वाचं शिक्षण साहाय्यकांचं आहे. अरविंदमध्ये बारावी झालेल्या, बहुतांश खेड्यांतल्या मुली निवडल्या जातात. दोन वर्षांचं प्रशिक्षण विनाशुल्क, वर विद्यावेतन. नजर तपासणं, डोळ्याचा दाब मोजणं, लेन्सचा नंबर काढणं, शस्त्रक्रियेत उपकरणं हाती देणं, घाबरलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत समजावणं, ही कामं त्या करतात. रुग्णालयाचा मोठा भाग त्यांच्यावर चालतो. हैदराबादची संस्था बारावी झालेल्या स्थानिक मुलामुलींना वर्षभर शिकवून दृष्टितंत्रज्ञ बनवते आणि त्यांच्याच परिसरातल्या केंद्रावर नेमते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयानं 1985 मध्ये दृष्टिमितीचा, म्हणजे ऑप्टोमेट्रीचा, पदवी अभ्यासक्रम सुरू करून आणखी एक कुशल वर्ग घडवला. ही संस्था डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी 1978 मध्ये काढली होती. अरविंदची प्रशिक्षण-सल्ला शाखा देशोदेशीच्या शेकडो नेत्ररुग्णालयांना कामाची घडी बसवून द्यायला मदत करत आली आहे. आपली पद्धत झाकून न ठेवता ती शिकवणं हा डॉ. वेंकटस्वामींचा आग्रह होता.

जिथं हिशेब जुळत नाही

या संस्थांचं कौतुक करताना त्यांच्या मर्यादाही बघाव्या लागतात. सगळी व्यवस्था ज्या मुलींच्या श्रमावर उभी आहे, त्यांना डॉक्टरांच्या मानानं पगार बेताचा असतो आणि लग्नानंतर अनेकजणी काम सोडतात. त्यांच्या कौशल्याला देशभर मान्य होईल असा दर्जा आणि पुढं शिकण्याची वाट मिळणं हा न्यायाचा प्रश्न आहे. दुसरं, दोन टेबलांची पद्धत उचलणं सोपं असतं आणि नोंदींची शिस्त उचलणं अवघड. केवळ वेग घेतला आणि निर्जंतुकीकरण ढिलं राहिलं, की एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात अनेकांचे डोळे जातात. अशा घटना देशात वारंवार घडल्या आहेत, महाराष्ट्रातही घडल्या आहेत. शाळेच्या वर्गात वा मांडवात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले, शिबिरात तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच, हा नियम अशाच अनुभवांतून आला.

तिसरी गोष्ट बायकांची. मोतीबिंदूची गरज स्त्रियांना पुरुषांइतकीच, किंबहुना जास्त असते, पण शस्त्रक्रिया त्यांच्या वाट्याला गरजेच्या मानानं कमी येते. ‘आधी ह्यांचं होऊ दे’ असं म्हणणारी आजी प्रत्येक गावात भेटते. तिला आणायला सोबत लागते, घरचं काम कुणीतरी उचलावं लागतं. गावाजवळच्या केंद्राचा तिला सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण नातवाला सोबत घेऊन तिथं ती स्वतःच जाऊ शकते.

चौथी गोष्ट पुढच्या काळाची आहे. मोतीबिंदू एकदा काढला की काम संपतं. मधुमेहानं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होणारे बदल आणि काचबिंदू हे आजार तसे नाहीत. ते दुखत नाहीत, नजर जाईपर्यंत कळत नाहीत, आणि आयुष्यभर पाठपुरावा मागतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण 10.1 कोटी आहेत. इतक्या पडद्यांची दरवर्षी तपासणी करायला नेत्रतज्ज्ञ पुरणार नाहीत. म्हणून संगणकाला पडद्याचे फोटो वाचायला शिकवण्याचे प्रयोग झाले. गूगलच्या 2016 च्या गाजलेल्या कामात अरविंद आणि शंकर नेत्रालयातले फोटो वापरले होते, आणि पुढं 2019 मध्ये याच दोन ठिकाणी त्याची प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळणी झाली. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयानं अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचे फोटो तालुक्यांच्या गावी जाऊन काढणारी तंत्रज्ञांची फळी 2008 पासून उभी केली. या बाळांकडे उपचारासाठी हातात फार थोडे दिवस असतात. फोटो वाचणारं यंत्र येईल, पण फोटोत दोष दिसल्यावर त्या माणसाला उपचारापर्यंत नेणारं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणारं कुणी नसेल, तर यंत्राचा उपयोग कागदावरच राहील.

एक नवी मोजणीही सुरू झाली आहे. अरविंदमधल्या एका फेको शस्त्रक्रियेमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे पाच टक्के असल्याचं 2017 च्या अभ्यासात दिसलं. तिकडं एकदा वापरून टाकलं जाणारं बरंच साहित्य इथं निर्जंतुक करून पुन्हा वापरलं जातं, आणि संसर्गाचं प्रमाण वर सांगितल्याप्रमाणे कमीच राहतं. काटकसर म्हणजे हलका दर्जा, हा समज त्यानं खोटा ठरवला.

आपण काय मागायचं

महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, धर्मादाय नेत्ररुग्णालयं आहेत, नाणावलेले सर्जन आहेत, दरवर्षी हजारो शस्त्रक्रियांची शिबिरं आहेत. रुग्णांची संख्या मदुराईइतकीच मोठी आहे. तरीही जिल्ह्याजिल्ह्यात शस्त्रक्रियांची उद्दिष्टं ठरतात तेव्हा विचारलं जातं ते ‘किती केल्या’ एवढंच. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवड्यांनी किती रुग्ण पुन्हा तपासले गेले, त्यांपैकी कितींना चष्म्यासह पुरेसं दिसतं, कितींना संसर्ग झाला, किती डोळे गेले, हे चार आकडे प्रत्येक संस्थेनं दरवर्षी जाहीर केले, तर खूप काही आपोआप बदलेल. विद्यार्थ्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांचे आकडे त्यात वेगळे हवेत. कुणाला शिक्षा करण्यासाठी हे आकडे वापरले तर ते खोटे लिहिले जातील. शिकण्यासाठी वापरले तरच खरे राहतील.

सरकारी अनुदान आणि विम्याचे पैसे शस्त्रक्रियेच्या संख्येऐवजी या पुनर्तपासणीला जोडता येतील. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय त्याच्याच विभागातल्या शस्त्रक्रियांच्या निकालांचा असू शकतो. प्रत्येक तालुक्यात एक कायमचं दृष्टिकेंद्र आणि त्यासाठी स्थानिक मुलामुलींचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण, हा खर्च एखाद्या मोठ्या इमारतीहून कमी आहे. आणि देणगीदारांनीही शिबिराच्या उद्घाटनाला जाताना मागच्या वर्षीच्या शिबिरातल्या रुग्णांना आता किती दिसतं, हे विचारावं.

मदुराई आणि हैदराबादला जे साधलं त्यात पैसा होता, ध्येयवेडी माणसं होती, अनुकूल काळ होता. ते सगळं उसनं आणता येत नाही. नोंद ठेवण्याची, ती स्वतःच्या विरोधात गेली तरी वाचण्याची आणि त्याप्रमाणे काम बदलण्याची सवय मात्र कुठल्याही उपजिल्हा रुग्णालयाला लावून घेता येते, त्यासाठी एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे. शस्त्रक्रियेनं दृष्टी गेलेल्यांचा तो 7.2 टक्के आकडा पुढच्या सर्वेक्षणात खाली आणायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.